४ झोनचं फायर पॅनल आणि माझी घरच्या वायरिंगची सवय

१२ वर्षं घरांची वायरिंग करतोय, त्यामुळे ठाण्यातल्या एका ७ मजली सोसायटीचं जुनं फायर अलार्म पॅनल बदलायचं काम आलं तेव्हा वाटलं यात काय एवढं, दोन वायरींचा तर खेळ. पॅनल साधं कन्व्हेन्शनल, ४ झोनचं (झोन म्हणजे बिल्डिंगचा एक भाग). म्हणजे कुठला डिटेक्टर वाजला ते सांगत नाही, नुसता झोन दाखवतं, मग तुम्ही जिने चढा आणि कुणाचा लाल दिवा पेटलाय ते शोधा. एक झोन पार्किंगचा (तिथे हीट डिटेक्टर, गाड्यांच्या धुराने स्मोकवाला रोजच बोंबलला असता), बाकी ३ मजल्यांचे.

केबल ओढली, बेस (डिटेक्टर ज्यात फिरवून बसतो ती छताची बैठक) लावले, प्रत्येक झोनच्या शेवटच्या बेसमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर टाकला. डिटेक्टर बसवायच्या आधी पॅनलकडून मीटर लावलं तर बरोब्बर ४.७ आलं, मी खूश. तिथेच डोक्यात ट्यूब पेटायला हवी होती पण नाही पेटली.

सगळं चालू केलं, पॅनल नॉर्मल, स्मोक स्प्रे मारला की हूटर वाजतोय, मेन्स बंद केला तर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर निवांत चालतंय. मग लायसन्सवाल्या एजन्सीचे काका आले, कारण फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, त्यांच्या सहीनेच जातो, जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा. त्यांनी स्टुलावर चढून तिसऱ्या मजल्यावरचा डिटेक्टर फिरवून काढला नि फोनवर विचारलं, पॅनल काय म्हणतंय? मी म्हटलं नॉर्मल. तर म्हणे, अरे तेच तर चुकलंय ना!

झालं असं की हे पॅनल लाइनमधून सतत थोडा करंट सोडून त्या शेवटच्या रेझिस्टरकडे लक्ष ठेवतं, वायर तुटली की करंट थांबतो आणि फॉल्ट येतो, डिटेक्टर पेटला की करंट वाढतो आणि फायर येते. बेसमध्ये आत येणारी वायर एका टर्मिनलला, पुढे जाणारी दुसऱ्याला, आणि डिटेक्टर बसला तरच ती दोन जुळतात. मी सवयीने दोन्ही वायरी एकाच स्क्रूखाली पिळून बसवलेल्या, त्यामुळे डिटेक्टर चोरीला गेला असता तरी पॅनलला पत्ता नाही. डिटेक्टर बसवलेले नसताना मीटरवर काहीच यायला नको होतं! वर पार्किंगमध्ये एक टी-जॉइंट मारून बाजूला फाटा नेलेला, तो तुटला तरी तेच. प्लगला चालतं, इथे नाही. दोन दिवस सगळे बेस पुन्हा उघडले, फुकटात, काका मात्र एकदाही ओरडले नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली.

वापरायचं शिकवताना आणखी एक गंमत. गणपतीत पहिल्या मजल्यावर कुणीतरी धूप घातला, हूटर वाजला, वॉचमनने घाबरून सायलेन्स आणि लगेच रीसेट दाबलं. रीसेटला पॅनल झोनची सप्लाय काही सेकंद तोडतं, मग डिटेक्टरचा लाल दिवा पण विझतो, शोधणार काय? आता पॅनलशेजारी मराठी-हिंदीत कागद चिकटवलाय, आधी झोन बघ, मग सायलेन्स, वर जाऊन ये, रीसेट सगळ्यात शेवटी. रीसेटची किल्ली आता सेक्रेटरी काकूंच्या पर्समध्ये असते आणि त्या दुपारी २ तास झोपतात, म्हणून दुसरी किल्ली करायला टाकलीये.