मुके वादळ

मध्यंतरात बाहेर जाऊन आलेल्या एका गृहस्थांच्या खांद्यांवर पांढरी भुकटी दिसली, तेव्हा वादळ येऊन ठेपल्याचे नाट्यगृहातल्या आम्हा मंडळींना कळले. हवामान खात्याने दुपारीच इशारा दिला होता. पण इशाऱ्यासाठी ठरलेला बेत मोडण्याची बुद्धी फार थोड्यांना होते आणि त्या थोड्यांत मी नव्हतो. छपरावर काहीच वाजले नव्हते, याचेच मला नवल वाटत राहिले. पावसात वाढलेल्या माणसाला वादळ आधी कानांनी कळते, आणि टपटप, रिमझिम, धो धो हे आपले शब्दही कानांनीच घडवलेले आहेत. बर्फ पडतानाचा आवाज सांगणारा शब्द मला आठवेना. भुरभुर म्हणावे, तर तीही डोळ्यांनीच टिपलेली.

नाटक सुटल्यावर दिव्याच्या खांबाखाली जरा थांबलो. हिमकण सेकंदाला साधारण 1 ते 2 मीटर वेगाने उतरतात, म्हणजे जवळजवळ माणसाच्या चालीने. पावसाचा टपोरा थेंब सेकंदाला 9 मीटरपर्यंत वेग घेतो, म्हणून त्याचे पडणे ऐकू येते. काळ्या कोटाच्या बाहीवर एक कण अलगद टेकला. सहा हात, प्रत्येक हाताला पिसासारखे बारीक फाटे, आणि एका हाताचे टोक मोडलेले. नीट पाहावे म्हणून मान खाली घातली, तर माझ्याच श्वासाने त्याचे पाणी झाले. विल्सन बेंटली या शेतकऱ्याने 1885 मध्ये अशा एका कणाचे छायाचित्र टिपले आणि पुढे 5,000 हून अधिक कण टिपले. त्याच्या चिकाटीची खरी किंमत मला त्या बाहीवर कळली.

ताज्या बर्फात बहुतेक हवाच भरलेली असते आणि त्या पोकळ्यांत आवाज जिरतो, हे वाचून ठाऊक होते. तरी एक मोटार अगदी कोपराजवळ येईपर्यंत तिची चाहूल लागली नाही, तेव्हा मी दचकलोच. एरवी भांडल्यासारखा बोलणारा चौक कुजबुजत होता. बसथांब्यावरची पाटी अर्धा तास ‘12 मिनिटे’ एवढेच सांगत राहिली. अखेर मी पायीच निघालो.

वळणावर वारा भेटला आणि इतका वेळ सरळ उतरणारा बर्फ आडवा होऊन डोळ्यांत टोचू लागला. छत्री उलटली, ती तशीच काखोटीला मारली. वाटेत मीठ फेकणारी गाडी तेवढी खडखडत गेली; मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, म्हणून तिच्यामागे रस्त्यावर काळ्या चिखलाचे दोन पट्टे उरले, आणि मी दुसऱ्या चौकात पोहोचेपर्यंत तेही पुसले गेले.

घरी येऊन कोट खुंटीला टांगला, दिवा मालवला आणि अंथरुणावर पडलो. थोड्या वेळाने अंधारात, दाराजवळच्या फरशीवर, टप असा आवाज झाला. मग पुन्हा एकदा.