मारिओ एवढा का पळतोय? जुन्या टीव्ही गेमच्या दुरुस्तीची वही

पहिला रविवार

माळ्यावरच्या खोक्यावर आईच्या अक्षरात ‘पणत्या’ लिहिलंय. वरच्या थरात पणत्या आहेतही. खाली जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला टीव्ही गेम निघाला. दोन रिमोट (एकाची वायर तुटलेली), एक बंदूक, तीन कॅसेटी. ॲडॉप्टर गायब.

कन्सोल, कंट्रोलर, कार्ट्रिज हे शब्द आम्हाला फार उशिरा कळले. आमच्यासाठी टीव्ही गेम, रिमोट आणि कॅसेट. या वहीत तेच चालतील.

हा सेट मुळात माझा नाही. सोलापुरात दाजी पेठेत आमच्या समोरच्या घरात खाली टर्किश टॉवेलचे माग आणि वर बिऱ्हाड होतं. पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. त्यांचा धाकटा माझ्या वर्गात, पण गेमची खरी मालकीण त्याची थोरली बहीण. तिला आख्खी गल्ली अक्का म्हणायची. १९९७ च्या उन्हाळ्यात त्यांच्या वडिलांनी हा सेट कुणाकडून तरी जुनाच घेतला. २००१ मध्ये माग विकून ते सगळे भिवंडीला गेले. जाताना अक्का म्हणाली, “तुझ्याकडं असू दे, आल्यावर खेळू.” तेव्हापासून तो पणत्यांखाली.

आता काढायचं कारण लाजिरवाणं आहे. मागच्या महिन्यात पुतण्याच्या फोनवर मारिओ लावला आणि पहिल्याच चालत येणाऱ्या मशरूमला धडकून मेलो. ओळीने तीनदा. पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही तर म्हणायचा डोळे झाकून खेळायचो.” वय झालं म्हणून हसून सोडता आलं असतं. पण मला हात चुकल्यासारखं वाटतच नव्हतं. मी बटण दाबायच्या आधीच मारिओ तिथे पोचलेला असायचा. तो जास्त पळत होता, असं माझं ठाम मत. घरात कुणी ऐकून घेत नाही, म्हणून खोकं उतरवलं.

संध्याकाळी पाच स्क्रू काढून सेट उघडला. धूळ असणार हे धरूनच चाललो होतो, पण निघाली ती सुताची तुसं. पांढरा मऊ थर, उसवलेल्या उशीतून कापूस यावा तसा. खालच्या मागांवरून उडून जिन्याने वर येऊन चार वर्षांत जमलेला. ब्रशने काढला आणि का कोण जाणे, टाकला नाही. काडेपेटीत भरून ठेवलाय.

पहिल्या रविवारची रात्र, बोर्ड बघताना

आपल्याकडच्या पुष्कळ सेटांत नुसता काळा डांबरासारखा ठिपका असतो, सगळं त्याच्याच पोटात. यात चाळीस-चाळीस पायांच्या दोन सुट्या चिप आहेत. एकीवर यूए ६५२७पी, दुसरीवर यूए ६५३८. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या. पहिली हिशेब आणि आवाज सांभाळते, दुसरी चित्र काढते. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये फॅमिकॉम नावाचा टीव्ही गेम आणला, त्यातल्या दोन चिपांची ही नक्कल. शेजारच्या क्रिस्टलवर (चिपांना ठेका धरून देणारा भाग) २६.६०१७१२ असा आकडा, मेगाहर्ट्झमध्ये. तो वहीत लिहून ठेवला, काय उपयोगाचा ते तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

दुसरा आठवडा, वीज

घाई नडली. राउटरचा ॲडॉप्टर हाताशी होता, पिन बसली, लावला. काहीच झालं नाही, आणि हे काहीच न होणं म्हणजे नशीब. राउटरच्या ॲडॉप्टरला मधे अधिक, या सेटला मधे वजा. वाटेत एक डायोड आहे, त्याने उलटी वीज अडवली. मूळ फॅमिकॉमलाही मधली पिन वजाच असते, पण नकली सेटांचा भरवसा नाही. तुमच्याकडे असा सेट असेल तर आधी मल्टिमीटर लावा, मग धाडस.

नऊ व्होल्टचा ॲडॉप्टर आणला, त्याची वायर कापून उलटी जोडली. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर पाच व्होल्ट करून देतो. वरचे चार व्होल्ट कुठे जातात? उष्णता होऊन पत्र्यात. सोलापूरचा मे, दुपारचे तीन, त्यात हा पत्रा. तासाभराने चित्र थरथरायला लागायचं. अक्का सेटखाली दोन वाट्या उपड्या ठेवायची, खालून वारा जावा म्हणून. आम्हाला ती अंधश्रद्धा वाटायची. आज बोर्ड उलटा केल्यावर दिसलं, खालच्या झाकणाला जाळी आहे आणि ती सतरंजीवर पूर्ण बुजत असणार. तेरा वर्षांच्या मुलीला ते दोन वाट्यांत कळलं होतं.

फुगलेला एक हजार मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर नवी पेठेतून आणून बदलला. पाच व्होल्ट स्थिर. लाल दिवा लागला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि हे दाखवायला घरात कुणी जागं नव्हतं.

कॅसेटी

तिन्ही चालेनात. आपण सगळ्यांनी जे केलं ते मीही केलं, फुंकलं. फुंकल्याने चालायचं ते वाऱ्यामुळे नव्हे, काढून परत बसवल्यामुळे. साठ पिना नव्या जागी घासल्या जायच्या. उलट तोंडाच्या ओलीने तांबं हिरवं पडतं, आणि माझ्या कॅसेटींवर १९९७ ते २००१ ची आमची सगळ्यांची फुंकर हिरव्या रंगात शिल्लक आहे. आधी खोडरबर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. दोन चालल्या.

एक आहे ‘९९९९९९९ इन १’. ही गड्ड्याच्या यात्रेत घेतलेली, संक्रांतीला होम मैदानावर. नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव गेम. धाकट्याने हिशेब केला होता, रोज दहा खेळले तरी आपण मरू. यादीत पहिल्या पानापुढे तेच ते गेम पुन्हा येतात, एखादा मधल्याच लेव्हलपासून सुरू होतो आणि नाव बदललेलं. आम्ही तरीही पानं उलटत बसायचो. पुढे कुठेतरी वेगळा निघेल!

दुसरीत कॉन्ट्रा. तिच्यावर स्वतंत्र नोंद होईल, आज नको.

तिसरा रविवार, टीव्ही

भंगारवाल्याकडून चौदा इंची पेटी टीव्ही किलोच्या भावाने आणला. बायकोने एवढंच विचारलं, “हा परत किलोच्या भावाने जाणार का?”

हॉलमधल्या सपाट टीव्हीवर आधी बघितलंच होतं. अँटेनाच्या वायरीतून चित्र येतं, खरखरीत पण येतं. बंदूक मात्र तिथे मेली. बदकं मारायच्या गेममध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन. बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा भाग आधी काळा आणि लगेच पांढरा दिसला तरच नेम मानतो. म्हणजे गोळी टीव्हीतून बंदुकीत जाते. सपाट टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, तोवर गेमने ‘चुकला’ म्हणून त्यातल्या कुत्र्याला हसायला पाठवलेलं असतं. शिवाय बंदुकीला पेटी टीव्हीच्या काचेवरची ती ओळीओळीने होणारी लुकलुक लागते, जी इथे नाहीच.

पेटीवर चॅनेल लावायला वीस मिनिटं गेली. ते बारीक चाक फिरवत राहायचं, मुंग्या, मुंग्या, मग एकदम आडवी निळी पट्टी. पूर्वी याच जागी दूरदर्शनच्या बातम्यांचं भूत मागे हलायचं. आता मागे कुणीच नाही.

आणि मारिओ सुरू झाला. पहिला मशरूम, उडी, पार. दुसरे दोन, पार. पाइप, खड्डा, झेंडा. एकदाही न मरता. पुतण्या शेजारी होता. तो म्हणाला, “हा स्लो चाललाय.”

मी तेच तर म्हणत होतो!

त्याच रात्री, स्टॉपवॉच

नुसतं वाटून उपयोग नाही. मारिओच्या पहिल्या लेव्हलला घड्याळ ४०० पासून उतरतं. त्यातला एक आकडा म्हणजे सेकंद नव्हे, २४ फ्रेम. म्हणजे चित्र २४ वेळा पडद्यावर काढून झालं की एक आकडा कमी. मारिओला सुरुवातीलाच उभा ठेवला (न हलल्यास तिथे कुणी मारायला येत नाही), ३९९ दिसल्यावर स्टॉपवॉच सुरू, ९९ ला बंद. तीनशे आकडे, ७,२०० फ्रेम.

पुतण्याचा फोन: २ मिनिटं, अर्धा सेकंद इकडेतिकडे.
अक्काचा सेट: २ मिनिटं २४ सेकंद. परत केलं, तेच.

७,२०० ला १२० ने भागा, सेकंदाला ६० फ्रेम. १४४ ने भागा, ५०. आमचा मारिओ जपानी मारिओपेक्षा एक षष्ठांश हळू चालायचा. त्याने सहा पावलं टाकावीत तेवढ्यात आमचा पाचच.

कारण तो क्रिस्टलवरचा आकडा. जपान-अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला साठदा चित्र रंगवायचा, आपला पॅल पद्धतीचा पन्नासदा. युरोपसाठी निन्टेन्डोने वेगळी चिप काढली, ती मुळातच जरा मंद, म्हणून आवाजही खाली उतरायचा. मारिओसारख्या गेमचा वेग त्यांनी पन्नासला जुळेल असा नव्याने बसवूनही दिला. नकलाकारांना एवढी दगदग कशाला? त्यांना जपानी कॅसेटी आहे तशा चालायला हव्या होत्या. त्यांनी हिशेबाच्या चिपची गती जवळजवळ जपानीच ठेवली: क्रिस्टलला १५ ने भागलं की १.७७ मेगाहर्ट्झ, मूळ १.७९. चित्राच्या मात्र २६२ ऐवजी ३१२ ओळी केल्या. या वाढीव पन्नास ओळी चिप नुसती बसून काढते, आणि गेमला पत्ताही लागत नाही की आपण उशिरा निघालोय.

यातली गंमत आवाजात आहे. सुराची उंची हिशेबाच्या चिपवर ठरते, म्हणून सूर जवळजवळ तोच. पण पुढचा सूर कधी वाजवायचा हे फ्रेम मोजून ठरतं, म्हणून लय संथ. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणं मंद होतं आणि आवाजही जाड होतो, इथे तसं होत नाही. वाजंत्री तेच, सूर तोच, फक्त वरात सावकाश. म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही.

संगणकावर जुने गेम चालवणाऱ्या काही प्रोग्रामांत (एम्युलेटर) ‘डेंडी’ असा पर्याय असतो. रशियात १९९२ पासून अशाच नकली सेटची त्या नावाने विक्री झाली, त्यावरून. तो निवडा आणि पुन्हा खेळून बघा. मी बघितलं. मेलो नाही.

आणखी एक कोडं जाता जाता सुटलं. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपया टाकून खेळायचा तो ‘मुस्तफा’ (खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉम, १९९३) आम्हाला कायम अंगावर आल्यासारखा वाटायचा. पार्लरच्या मशीनला स्वतःचा मॉनिटर, त्याला आपल्या टीव्हीचे नियम लागू नाहीत. पन्नासच्या घरातली पोरं साठच्या दारात जाऊन रुपये घालवत होती. अर्थात रुपया संपायची भीतीही होतीच, सगळं फ्रेमवर ढकलणं बरं नव्हे.

चौथा आठवडा, फोन

भिवंडीला फोन लावला. अक्काचा मुलगा आता कॉलेजात आहे. मी सांगायला सुरुवात केली, पन्नास, साठ, ओळी. तिने मधेच तोडलं.

“काय करलालास रे तू? अजून तेच?”

“अक्का, मारिओचं म्युझिक आठवतंय?”

“न आठवायला काय झालं.” आणि गुणगुणायला लागली. भांडी आवरत होती बहुतेक, मागे आवाज येत होता. मी फोन स्पीकरवर टाकला, दुसऱ्या हाताने सेट चालू केला. पहिल्या तीन सुरांवर गाठ पडली नाही, मी उशिरा दाबलं होतं. थांबून पुन्हा. या वेळी तिने तेलुगूत मोजून दिलं, ओकटि, रेंडु, मूडु, तेव्हा दोन रिमोटवर एकदम स्टार्ट दाबायला मोजायची तसं. अर्ध्या मिनिटापर्यंत ती आणि सेट बरोबर चालले. मग तिला हसू आलं.

मी तिच्या मुलाच्या फोनवरचा गेम लावून बघायला सांगितलं. पलीकडून ते टुणटुण ऐकू आलं, मग तिचा आवाज: “अय्यो, हा लई पळलालाय की रे!”

ती संक्रांतीला गड्ड्याला येतेय. माहेर आता इथे नाही, आमच्याकडेच उतरेल.

राहिलेली कामं

दुसऱ्या रिमोटची वायर जोडली, पण ‘बी’ बटण दाबलं तरी लागत नाही. आतला काळा कार्बनचा ठिपका झिजलाय. पेन्सिलीचं शिसं घासून दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुणाकडे जुन्या रिमोटचे रबर असतील तर कळवा, जानेवारीच्या आत हवेत. त्याशिवाय कॉन्ट्रा दोघांत खेळता येणार नाही, आणि पहिला रिमोट ती सोडणार नाही.