दवाखान्याचे अंतर कशात मोजायचे

काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यातल्या एका सकाळी मी गडचिरोली जिल्ह्यातील एका लहान गावात आशाताईंबरोबर गृहभेटीला गेले होते. आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचे काम त्या काळात माझ्याकडे होते आणि वर्गात शिकवलेले घराघरांत कसे उतरते, हे पाहण्यासाठी मी अधूनमधून त्यांच्यासोबत हिंडत असे. बाळ सात दिवसांचे होते. आम्ही ओट्यावर टेकतो न टेकतो तोच आजी म्हणाली, "लेकराले लहाक लागली हाय." लहाक म्हणजे धाप. आशाताईंनी साबणाने हात धुतले, ते न पुसता वाऱ्यावर सुकू दिले, बाळाच्या अंगावरचे फडके पोटापर्यंत सारले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे नजर लावली. मी काहीतरी विचारू लागले, तेव्हा मान वर न करता त्या म्हणाल्या, "थांबा ताई, मोजून राहिली मी."

मिनिटाला 66 श्वास भरले. बाळ किंचित हालले होते, म्हणून ते शांत झाल्यावर त्यांनी पुन्हा मोजले, तेव्हा 68 आले. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून अधिक असेल, तर तो धोक्याचा मानतात. दहावीपर्यंत शिकलेल्या त्या बाईंनी स्टेथोस्कोप, एक्स-रे यांपैकी काहीही हाताशी नसताना चार-पाच मिनिटांत जे ओळखले, ते ओळखण्यासाठी एरवी त्या बाळाला अठरा किलोमीटर न्यावे लागले असते. आणि त्या दिवशी मधल्या नाल्याला पूर होता.

श्वास मोजण्याची ही रीत खेड्यापाड्यांत रुजवण्यामागे गडचिरोलीतच झालेले मोठे काम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये या जिल्ह्यात 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. बालमृत्यूंमध्ये न्यूमोनियाचा वाटा मोठा आहे हे दिसल्यावर, गावातल्या माणसांनाच तो ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवावे, असे त्यांनी ठरवले. पण अनेक दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हते. तेव्हा एक साधे लाकडी साधन तयार झाले. त्यावर एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. तान्ह्या बाळांसाठीच्या ओळीत पाच हिरवे मणी आणि सहावा लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवावा लागला, तर श्वास जलद आहे. दाईला अक्षरओळख नाही, ही अडचण दाईची न मानता साधनाची मानली गेली. आरोग्यसेवा दुर्गम भागात पोहोचवण्याविषयी मी जे काही ऐकले-वाचले आहे, त्यात मला हा विचार सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढे 39 गावांमध्ये त्यांनी घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, स्तनपानातील अडचणी सोडवणे, जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून त्यावर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सारे शिकवले गेले. प्रयोगाच्या गावांमध्ये दर हजार जन्मांमागे 62 असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण 1997-98 पर्यंत 25.5 वर आले, तर तुलनेच्या गावांमध्ये ते साठाच्या आसपासच राहिले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी 16.6 टक्के दगावत होती. गावातल्या स्त्रीने घरीच उपचार सुरू केल्यावर हे प्रमाण 2.8 टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पुढे 2011 मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालसेवा देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे सोपवली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही भेट द्यायची, असे ठरले. या सगळ्या भेटी पूर्ण केल्याबद्दल 250 रुपये मोबदला ठरवण्यात आला. मात्र इंजेक्शन आशाताईंच्या हाती आले नाही. बाळाला पुढे नेणे शक्यच नसेल, तर जेंटामायसिन देण्याची मुभा 2014 मध्ये मिळाली, आणि तीही एएनएमना, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकांना. अप्रशिक्षित हातांत प्रतिजैविके जाऊ नयेत ही काळजी मला समजते. पण एएनएम उपकेंद्राला असते, आणि आदिवासी व डोंगरी भागातही तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र हा निकष आहे. पाड्यांची वस्ती विरळ असते, त्यामुळे या तीन हजारांत कितीतरी पाडे येतात आणि त्यांच्या मध्ये नाले असतात. धोका ओळखणारी बाई गावात आणि त्यावर उपचार करणारी नाल्यापलीकडे, अशी ही विभागणी आहे. निदान ज्या गावांचा रस्ता पावसाळ्यात तुटतो, तेथे तरी निवडक आशाताईंना देखरेखीखाली हे इंजेक्शन शिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गडचिरोलीतील स्त्रियांनी ते करून दाखवले आहे.

दवाखाना लांब असणे हे केवळ किलोमीटरवर ठरत नाही. दवाखान्याची भीती का वाटते, असे बंग दांपत्याने आदिवासींना विचारले, तेव्हा डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात, आणि पांढरे तर मेलेल्या माणसाला गुंडाळतात, असे लोकांनी सांगितले. रुग्णाजवळ नातेवाइकांना राहू देत नाहीत, हीदेखील तक्रार होती. म्हणून 'सर्च'च्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना आदिवासी वस्तीसारख्या झोपड्यांचा उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. आजही अनेक सरकारी रुग्णालयांत माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या बाईला तिच्या भाषेत एक वाक्य बोलणारे कोणी भेटत नाही. तिच्यासाठी ती इमारत शेजारी असूनही लांबच असते.

आशाताईंच्या मनगटावरचे ते घड्याळ सरकारी संचातले नव्हते. संचातल्या घड्याळाचा सेल संपून तीन महिने झाले होते. दर बैठकीत त्यांनी ते सांगितले, आणि अखेर आठवडी बाजारातून स्वतःच्या पैशांनी दुसरे घेतले. आशा कार्यकर्तीला सरकार आजही स्वयंसेविका मानते आणि कामागणिक मोबदला देते, तो पुष्कळदा उशिरा येतो. महाराष्ट्रातील आशा कार्यकर्त्या मानधनवाढीसाठी वेळोवेळी संपावर जातात, तेव्हा "आता लसीकरणाचे काय होणार?" असे विचारले जाते. त्या बाईने घड्याळ कोणत्या पैशांतून घेतले, हेही त्याच वेळी विचारले जावे असे मला मनापासून वाटते.

त्या सकाळी उपकेंद्राच्या सिस्टर आदल्या संध्याकाळी लसीकरणासाठी आल्या होत्या आणि पुरामुळे नाल्याच्या अलीकडेच अडकल्या होत्या. आशाताई त्यांना बोलावून घेऊन आल्या. सिस्टरांच्या पेटीत जेंटामायसिन होते. वजनानुसार मात्रा ठरवून त्यांनी बाळाच्या मांडीत इंजेक्शन दिले, तोंडाने घ्यायचे औषध सुरू केले, आणि आशाताईंनी आईला बाळ छातीशी उघड्या अंगाने धरून वरून गोधडी पांघरायला सांगितले. दुपारी श्वास 62 होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी ओसरल्यावर बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले, तेव्हा तो 52 वर आला होता.

चौदाव्या दिवसाच्या भेटीला मी पुन्हा गेले. आशाताईंनी वजनकाट्याच्या झोळीत बाळाला ठेवले, काटा डोळ्यांच्या पातळीवर धरला आणि आकडा वहीत लिहिला. मागच्या भेटीपेक्षा 110 ग्रॅम वाढ होती. आजीला त्यांनी तो आकडा दोनदा वाचून दाखवला. मी नाल्याकडे पाहिले. पाणी पुन्हा चढू लागले होते, आणि या वेळी सिस्टर पलीकडे होत्या.