हरळी, लव्हाळा आणि काँग्रेस: एका गुंठ्यासाठी तणनाशक निवडताना (रोहिणी ते चित्रा)

जागा: जुळे सोलापूर भागातली घरामागची साधारण एक गुंठा जमीन. वर काळी भारी माती, खाली मुरूम. चार तुकडे: कुंपणाकडची मोकळी पट्टी, फुलझाडांचे वाफे, हरळीचं छोटं लॉन आणि पेव्हरच्या फटी. तण चारही ठिकाणी आहे, पण एकच बाटली चारही ठिकाणी चालत नाही. दुकानात "कोणतं तणनाशक चांगलं?" असं विचारलं की समोरची, मार्जिन जास्त असलेली बाटली हातात येते. तणाचं जमिनीखाली काय आहे, हा प्रश्न घेऊन गेलात तर निवड बरीच सोपी होते.

आधी ओळख

देठ दोन बोटांत फिरवून बघा. गोल फिरला तर गवत, तीन कडा लागल्या तर लव्हाळा. लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण त्याचं कुळच वेगळं. त्यामुळे 'गवतावरचं' औषध त्याच्यावर वाया जातं. सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात.

हरळी जमिनीवरच्या धावत्या फांद्यांनी आणि जमिनीतल्या काश्यांनी (मुळांसारख्या आडव्या खोडांनी) पसरते. लव्हाळ्याच्या गाठी एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या असतात. वरचा कोंब उपटला की खालची झोपलेली गाठ जागी होते, म्हणून खुरपलेल्या वाफ्यात लव्हाळा आधीपेक्षा दाट दिसतो. काँग्रेस, म्हणजे गाजरगवत, निव्वळ बियांवर जगतं. एक झाड हजारो बिया टाकतं, पण खाली गाठ नाही की काशी नाही. घोळ, केना, कुरडू, माठ, दुधी, गोखरू ही पावसाळी मंडळी. यांतला केना तेवढा चिवट. तुटलेलं कांडं ओल्या मातीवर पडलं तरी मूळ धरतो.

म्हणजे काँग्रेस आणि वर्षायू (एका हंगामात संपणाऱ्या) तणांना मुळात बाटलीची गरज नाही. काँग्रेस फुलावर येण्याआधी, पाऊस पडून गेल्यावर, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून मुळासकट उपटायचं. अनेकांच्या कातडीवर त्याने पुरळ उठतं, परागकणांनी दम्याचा त्रास वाढतो. फुलावर आलेली झाडं कंपोस्टात टाकू नका. औषधाची खरी गरज हरळीला आणि लव्हाळ्याला.

रोहिणी: पाऊस येण्याआधी

कुंपणाच्या पट्टीचा अर्धा भाग एप्रिल-मे महिन्यांत पारदर्शक प्लास्टिकखाली होता. कागद 25 ते 50 मायक्रॉनचा आणि पारदर्शकच हवा. काळा कागद स्वतः तापतो, खालची माती तेवढी तापवत नाही. आधी ढेकळं फोडून माती सपाट करायची, भरपूर पाणी द्यायचं, वाफसा आला की कागद मातीला चिकटवून अंथरायचा आणि कडा चारी बाजूंनी वीतभर गाडायच्या. चार ते सहा आठवडे. सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो त्याच काळात याचा उपयोग. कोरड्या मातीवर टाकला तर फायदा जवळपास शून्य, कारण उष्णता खाली नेणारं पाणीच नसतं आणि सुप्त बी कोरड्या उष्णतेला सहज पुरून उरतं.

नोंद: झाकलेल्या भागात बियांपासूनचं तण फारच कमी. लव्हाळा मात्र कडेच्या वीतभर पट्ट्यातून आणि खोल गाठींतून परत आला.

उरलेला अर्धा भाग उन्हाळ्यात खोल खणून उलटा टाकला. काश्या आणि गाठी उन्हात वाळल्या की मरतात, पण वर येतील तेवढ्याच. काश्या हाताने वेचून बाहेर काढल्या नाहीत, तर पहिल्याच पावसात प्रत्येक तुकड्याचं नवं रोप होतं. रोटाव्हेटर फिरवला तर तुकड्यांची संख्या वाढते. हरळीच्या जमिनीत रोटाव्हेटर म्हणजे लागवडच.

मिठाचं पाणी आणि व्हिनेगर यांचे प्रयोग या जागेत घेतले नाहीत, घेऊही नयेत. मिठाने काँग्रेस जळतं हे खरं, पण इथली भारी माती आधीच क्षारांकडे झुकलेली, निचरा कमी. एकदा गेलेला सोडियम सहज बाहेर पडत नाही. घरगुती व्हिनेगर चार-पाच टक्क्यांचं. कोवळी रोपं करपतात, हरळी पुन्हा हिरवी होते.

मृग-आर्द्रा: दुकानातली निवड

कृषी सेवा केंद्रात जे समोर येतं त्याची आमच्या जागेपुरती छाननी (नावापुढची अक्षरं औषधाचं रूप सांगतात: ईसी म्हणजे पाण्यात दुधाळ होणारं तेलकट द्रव, डब्ल्यूजी म्हणजे पाण्यात मिसळणारे दाणे, एसएल म्हणजे पाण्यात विरघळणारं द्रव):

*पेंडीमिथॅलिन 30 टक्के ईसी.* उगवणीपूर्व. उगवणाऱ्या बियांच्या कोंबावर आणि मुळावर काम करतं; उभ्या तणाला, काशीला, गाठीला काही करत नाही. हेक्टरी सुमारे 3.3 लिटर, म्हणजे गुंठ्याला 33 मिली. जमीन ओली, सपाट आणि तणमुक्त हवी. फवारताना मागे मागे सरकत जायचं, म्हणजे फवारलेल्या थरावर पाय पडत नाही. काळ्या मातीला भेगा पडल्या की थर तुटतो आणि भेगेतून तणांची रांग उगवते. पिवळं-नारिंगी द्रावण फरशीवर सांडलं तर डाग जात नाही.

*क्विझॅलोफॉप इथाइल 5 टक्के ईसी.* फक्त गवतकुळावर चालणारं, आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरून पसरणारं. एकरी 400 मिली, म्हणजे गुंठ्याला 10 मिली. रुंद पानांच्या झाडांमधल्या हरळीसाठी यासारखं सोयीचं दुसरं नाही. शेजारी गवती चहा, मका, ऊस किंवा बांबू असेल तर तेही गवतच आहेत, हे विसरू नका. लव्हाळ्यावर शून्य. खाली दिलेल्या 2,4-डी सोबत मिसळलं तर गवतावरचा परिणाम घटतो.

*हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल 75 टक्के डब्ल्यूजी.* लव्हाळ्यावरचं नेमकं औषध. उसासाठी एकरी 36 ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला जेमतेम 0.9 ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे मोजताच येत नाही; दोन दशांशापर्यंत दाखवणारा सोनाराचा छोटा काटा लागतो. 'चिमूटभर' टाकलं तर प्रमाण सहज दुप्पट होतं. मापून घेतलेलं द्रावण त्याच दिवशी संपवायचं.

*2,4-डी.* रुंद पानांच्या तणांवर स्वस्त आणि परिणामकारक, पण या जिल्ह्यात घराच्या कुंपणापलीकडे काय आहे ते आधी बघा. द्राक्ष, टोमॅटो, कापूस, भेंडी यांना उडून आलेला अगदी थोडा अंशही बाधतो, पानं दोरीसारखी लांब आणि वाकडी होतात. हे दोन रूपांत मिळतं: इथाइल एस्टरची वाफ उन्हात उडते, अमाइन सॉल्टची त्या मानाने फार कमी. आमच्या यादीतून दोन्ही बाद, कारण जी तणं याने मरतात ती हाताने उपटता येतात.

*पॅराक्वाट 24 टक्के.* स्पर्शजन्य, म्हणजे लागेल तेवढाच भाग जाळणारं; काही तासांत पान करपतं, म्हणून दुकानदाराला आवडतं. काशीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे हरळी थोड्याच दिवसांत परत. पोटात गेलं तर खात्रीचा उतारा नाही, घोटभरही जीव घेऊ शकतो. घरात ठेवण्याची वस्तू नव्हे. इथे चर्चा संपली.

*ग्लायफोसेट 41 टक्के एसएल.* हरळी आणि लव्हाळा या दोन्हींच्या मुळापर्यंत जाणारं, पण निवडक नाही. हिरवं दिसेल ते मारतं. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 च्या अधिसूचनेने याचा वापर परवानाधारक पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित केला. आजचा नियम तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. आमच्या कुंपणाच्या पट्टीसाठी ऑपरेटरच बोलावला. त्याला काय सांगावं लागतं ते खाली येतंच.

कोणतीही बाटली घेताना लेबलवर पिकाचं आणि तणाचं नाव, मुदत, बॅच नंबर आणि पक्की पावती बघा. चौकटीतल्या त्रिकोणाचा रंग लाल, पिवळा, निळा, हिरवा असा विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने असतो. यांतल्या बहुतेकांच्या लेबलवर घरची बाग नसते, म्हणून भाजीच्या वाफ्याजवळ यांतलं काही नेऊ नका आणि शंका असेल तर कृषी सहायकाला विचारा.

पुनर्वसू-पुष्य: पंपाचं माप

डोस चुकतो तो बाटलीमुळे कमी, चालण्याच्या वेगामुळे जास्त. 10 मीटर लांब, 1 मीटर रुंद पट्टा आखा. पंपात मोजून साधं पाणी घ्या, नेहमीच्या चालीने फवारा आणि किती गेलं ते मोजा. अर्धा लिटर गेलं तर गुंठ्याला 5 लिटर, म्हणजे हेक्टरी 500 लिटर. हे बरोबर. एक लिटर गेलं तर तुम्ही दुप्पट पाणी टाकताय, आणि 'पंपाला शंभर मिली' या दुकानी हिशोबाने औषधही दुप्पट.

नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, म्हणजे पंख्यासारखा सपाट फवारा देणारं. कीटकनाशकाचं पोकळ शंकूचं नोझल तणनाशकाला लावू नका. त्याचा बारीक तुषार वाऱ्यावर जातो. इथे आषाढात दुपारी वारा सुटतोच, म्हणून सकाळी लवकर, नोझलला प्लास्टिकचं हुड लावून, दाब कमी ठेवून काम करायचं. तणनाशकाचा पंप वेगळा असावा आणि त्यावर रंगाने मोठी खूण असावी. धुतलेल्या पंपातही 2,4-डी चा अंश राहतो आणि पुढच्या फवारणीत टोमॅटो वाकडे होतात.

फुलझाडांच्या वाफ्यात क्विझॅलोफॉप याच काळात मारलं. माती ओली, हरळीची नवी फूट बोटभर. पहिल्या आठवड्यात काही दिसत नाही. मग मधला कोंब ओढला की सहज निघून येतो आणि त्याचं बूड तपकिरी, कुजलेलं असतं. औषध लागल्याची हीच खूण. काश्यांतून पुन्हा फूट आली, तिच्यावर दुसरा हात. एका फवाऱ्यात हरळी संपत नाही.

लॉनमधल्या लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन, लव्हाळा तीन ते पाच पानांवर असताना. पान मेणचट असल्याने यात स्टिकर (द्रावण पानावर पसरवून चिकटवणारं द्रव) लागतोच. द्रावण पानावर मण्यांसारखं गोळा होऊन घरंगळलं तर स्टिकर कमी पडला समजा. हरळीचं लॉन हे औषध सोसतं. लव्हाळा दोन-तीन आठवड्यांनी पिवळा पडतो, तोवर कापणी किंवा खुरपणी नाही. त्यात घाई केली की औषध गाठीपर्यंत उतरण्याआधीच पान कापलं जातं.

मघा-पूर्वा: काही फवारलं नाही

मुद्दामच. श्रावणात आजूबाजूच्या मोकळ्या प्लॉटांवरून लोक घोळ, तांदुळजा, कुरडूची कोवळी पानं भाजीसाठी नेतात, शेळ्या चरतात, आणि गणपतीसाठी दूर्वा खुडतात. दूर्वा म्हणजे हीच हरळी. कुंपणाबाहेर हात जाईल अशा जागी फवारायचं असेल तर अनंत चतुर्दशीपर्यंत थांबा, आणि नंतरही पाटी लावा.

उत्तरा-हस्त: कुंपणाची पट्टी

थांबण्याचं दुसरंही कारण आहे. सोलापूरचा सगळ्यात मोठा पाऊस सप्टेंबरचा. त्या ओलीवर हरळी जोमात असते आणि पानात तयार झालेलं अन्न खाली काश्यांत साठवू लागते. ग्लायफोसेट त्याच प्रवाहाबरोबर खाली जातं. मे महिन्यातल्या सुकलेल्या, धुळीने माखलेल्या हरळीवर तेच औषध वाया जातं, कारण वाढ थांबलेल्या झाडात प्रवाहच नसतो आणि धूळमाती औषधाला धरून ठेवते.

ऑपरेटरला सांगायच्या गोष्टी:

पाणी बोअरचं नको. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ग्लायफोसेटला बांधून टाकतं. बादलीला पांढरा थर धरणारं, साबणाला फेस न येणारं पाणी असेल तर छपरावरचं पावसाचं पाणी वापरा. आरओचं वाया जाणारं पाणी तर मुळीच नको, त्यात क्षार उलट जास्त. गढूळ पाणीही नको. बोअरशिवाय पर्याय नसेल तर लिटरला 20 ग्रॅम अमोनियम सल्फेट, म्हणजे 5 लिटरला 100 ग्रॅम. ते आधी विरघळवून फडक्यातून गाळायचं, मगच औषध. क्रम उलटा झाला तर कॅल्शियम आधीच औषधाला चिकटलेलं असतं.

औषध गुंठ्याला 30 मिली, 5 लिटर पाण्यात. जास्त टाकून फायदा नाही. पान आधीच करपलं तर औषध खाली नेणार कोण? त्याच कारणाने "लवकर जळावं म्हणून" पॅराक्वाट मिसळण्याची सूचना सरळ नाकारायची. फवारल्यावर सहा तास पाऊस नको. झाडांचे हिरवे बुंधे आणि खालचे फुटवे पुठ्ठ्याने झाकायचे. डाळिंबाला बुडातून फुटवे येतात आणि तिथूनच औषध आत शिरतं.

पेव्हरच्या फटींत फवारा नव्हता. रुंद पट्टीचा सुरा आणि उकळतं पाणी पुरलं, हरळीच्या दोन जुन्या फटी सोडून.

चित्रा: आजची स्थिती

कुंपणाची पट्टी पिवळी पडायला दहाएक दिवस लागले, आता तपकिरी आहे. अजून खणलेली नाही. काशी उकरून मोडून बघितली: आत पांढरी आणि कडक असेल तर जिवंत, तपकिरी आणि पोकळ असेल तर मेलेली. कडेच्या काही काश्या पांढऱ्याच आहेत, म्हणजे नवी फूट बोटभर झाली की तेवढ्याच जागी, फवाऱ्याऐवजी स्पंजने पुसून, पुन्हा ऑपरेटरकडूनच. लॉनमध्ये लव्हाळा विरळ झालाय. उरलेला खोल गाठींचा आहे, तो पुढच्या मृगातच वर येईल. वाफ्यातली हरळी गुलाबांच्या बुंध्यांत शिल्लक आहे. तिथे औषध पुन्हा नाही, पाणी दिल्यावर मऊ मातीतून काश्या हाताने ओढायच्या आहेत. काढलेल्या काश्या कंपोस्टात न टाकता पत्र्यावर पसरून ऑक्टोबरच्या उन्हात कडकडीत वाळवायच्या.