गव्याच्या शेणापाशी अर्धा तास

मी दाजीपूरला सफारीचा गाईड आहे, हा माझा बारावा सीझन. गाडी गेटमधनं आत शिरायच्या आधीच पहिला प्रश्न ठरलेला, "गवा दिसंल न्हवं?" आणि त्यात त्यांचं चुकतंय असं मी कधीच म्हणणार नाही, १९५८ साली हे अभयारण्य झालं तेच मुळात गव्यासाठी. कोल्हापुरातनं पहाटे चारला उठून ऐंशी-एक किलोमीटर वळणं घेत आलेल्या माणसाला गवा दिसायलाच पाहिजे. पण गेल्या मे महिन्यातली एक फेरी काही केल्या डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय.

इचलकरंजीकडचं कुटुंब होतं, सहा माणसं. काका-काकू, त्यांची दोन पोरं, सून आणि काकांची आई. आजींचं वय पंच्याहत्तरच्या पुढं, नऊवारी, पायात साधी चप्पल. दोनच दिवसांपूर्वी वळीव झोडपून गेलेला, माती ओली, सगळीकडं करवंदं पिकलेली. आणि नशीब असं की आत शिरल्यावर वीस मिनिटांतच सावराई सड्यावर, म्हणजे तिथल्या खडकाळ पठारावर, गवे मिळाले. पाच जणांचा कळप, त्यात एक काळाभोर नर, गुडघ्यापासनं खाली पांढरे मोजे घातल्यागत पाय, मान वर करून आमच्याकडं बघत उभा. सगळ्यांनी पोट भरून फोटो काढले, व्हिडिओ काढले, कळप झाडीत गेला आणि काका म्हणाले, "झालं की काम, चला आता नाष्ट्याला."

पावणेसात वाजलेले. अजून अडीच-तीन तासांची फेरी बाकी होती.

खरं सांगतो, मला त्या वाक्याचं लई वाईट वाटतं, दरवेळी वाटतं. साडेतीनशे चौरस किलोमीटरचं जंगल, २०१२ ला जागतिक वारसा यादीत गेलेलं, आणि एक जनावर दिसलं की ते संपतं? मी काही बोललो नाही. थोडं पुढं गेल्यावर वाटेच्या मधोमध गव्याचं ताजं शेण पडलेलं, अजून वाफाळतंय असं, ड्रायव्हरनं सवयीनं चाक बाजूनं काढलं आणि मी त्याला म्हटलं थांब, इंजिन बंद कर.

पोरांनी नाक मुरडलं. मी खाली उतरून उकिडवा बसलो. लांबनं बघितलं तर नुसता शेणाचा पो, पण दोन फुटांवरनं बघितलं की तो सगळाच्या सगळा हलत असतो. मसुराच्या दाण्याएवढे बारके किडे आत-बाहेर करत होते आणि कडेला एक मोठा शेणकिडा, चिंचोक्याएवढा, काळा कुळकुळीत, डोकं खोऱ्यासारखं चपटं. पुढच्या पायांना करवतीसारखे दाते, त्यानं तो शेणाचा तुकडा कापून वेगळा करतो, थापटतो, फिरवतो, परत थापटतो. दहा मिनिटांत सुपारीपेक्षा जरा मोठी गोळी झाली. मग गडी उलटा झाला, डोकं खाली, पुढचे पाय जमिनीला, मागचे पाय गोळीवर, आणि निघाला की मागं मागं ढकलत. चाकोरीच्या कडेला चढ होता, तिथं गोळी दोनदा घसरून खाली आली. तिसऱ्यांदा चढवतोय तोवर दुसराच एक आला आणि आयती गोळी पळवायला बघायला लागला, दोघांची जुंपली. आता काकासुद्धा खाली उतरलेले.

आजी तर कधीच येऊन माझ्या शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाळा, ह्यो आमच्या गोठ्यामागं लई असायचा रं. सकाळी शेण उचलाय गेलं की खाली भोकंच भोकं. आता औषधं पाजतोय जनावरास्नी, कुठला दिसतोय!"

मी बघतच राहिलो, कारण हे अगदी खरं आहे. आयव्हरमेक्टिनसारखं जंताचं औषध जनावराच्या शेणातनं बाहेर पडतं आणि त्या शेणात वाढणाऱ्या किड्यांच्या अळ्या मरतात. आजींनी हे कुठं वाचलेलं नव्हतं, गोठ्यात बघितलेलं होतं. मग मी बाकीचं सांगितलं, की काही जातींत मादी जमिनीखाली नेलेल्या अशा गोळीतच अंडं घालते, अळी आतनं शेण खात वाढते, शेण मातीत जातं, त्यातलं बी पुरलं जातं, माश्या कमी होतात. गवा एवढा खातो, त्याचं शेण हे किडे आवरत नसते तर सड्यावरचं गवत त्याखाली गुदमरलं असतं. काका नुसते "आयला" म्हणाले.

त्यानंतर गाडीतली माणसंच बदलली. ओढ्याकडं उतरताना एका मोठ्या दगडाच्या वळचणीला, जिथं वळवाचं पाणी पोचलं नव्हतं, तिथल्या भुकटी मातीत नरसाळ्यासारखे बारके खड्डे होते. तळाशी दुसऱ्याच एका किड्याची, मुंग्या खाणारी अळी जबडा उघडून बसलेली असते आणि मुंगी कडेवर आली की खालनं माती उडवून तिला पाडते. आम्ही सात जण एका ओळीत वाकून बघतोय, कुणीही आवाज काढत नाही, आणि तेवढ्यात आजींनी माझा दंड घट्ट धरला. बोट नाही दाखवलं, नुसती हनुवटी हलवली.

ओढ्यापलीकडं, पाचोळ्यात, पिसोरी.

काका पुटपुटले, "हरणाचं पिल्लू चुकलंय वाटतं." पिल्लू नव्हतं, पुरं वाढलेलं होतं. उंची जेमतेम फूटभर, वजन म्हणाल तर चांगल्या गावठी कोंबड्याएवढं, पेन्सिलीएवढे पाय. तपकिरी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी, वाळक्या पानांवर ऊन पडल्यासारख्या, म्हणून तर ते हललं नाही तर दिसतच नाही. शिंगं नसतातच, नराला वरचे दोन सुळे तेवढे असतात. पुढचा एक पाय उचललेला तसाच धरून ते उभं होतं, डोळे केवढे तरी मोठे, कान थरथरत होते. रात्री हिंडणारं जनावर हे, मला दिवसाउजेडी बारा वर्षांत तीनदाच दिसलंय, ही चौथी खेप. माझं काळीज असं धडधडत होतं की वाटलं ते त्यालाच ऐकू जाईल. मग त्यानं पाय खाली ठेवला आणि करवंदीच्या जाळीत शिरलं, पानाचासुद्धा आवाज नाही. फोटो कुणाकडंच नाही. धाकटा पोरगा म्हणाला, फोन खिशात होता हेच विसरलो.

येताना त्याच वाटेनं आलो. मी काही बोलायच्या आत काकांनीच ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला, "थांबवा जरा, त्यो किडा कुठवर गेला बघू." उतरले, गुडघ्यावर बसले. शेणाचा पो निम्मा चपटा झालेला, वरनं पोखरून भुसभुशीत. चढाच्या वर, पळसाच्या बुंध्यापाशी, अंगठा जाईल एवढं भोक आणि कडेनं ताज्या ओल्या मातीची रास. गोळी आत गेली होती. आजी गाडीतनंच विचारत होत्या, "गेला का रं घरला?"

"गेला, आई," काका म्हणाले.