लोखंडाखाली काय घातलंयस?

भट्टी थंड व्हायला दोन तास लागायचे. तेवढ्यात जेवून यायचं आणि जिना चढताना मनात एकच धावा: आज काळं दिसू दे. सिलिकॉनच्या चकचकीत तुकड्यावर मखमलीसारखा काळा थर दिसला, की कार्बन नॅनोट्यूबचं, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांचं, जंगल दाट उगवलंय असं समजायचं.

माझे तुकडे मात्र कित्येक महिने चकचकीतच बाहेर येत. नळ्या ज्याच्या कणांवर उगवतात तो लोखंडाचा थर १ नॅनोमीटरचा केला, दीड केला, दोन केला. कार्बन पुरवणारं एथिलीन वाढवलं, हायड्रोजन कमी केला. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या सीनियर ताईंनी विचारलं, "अगं, पण लोखंडाखाली काय घातलंयस?"

काहीच नाही.

तिथेच सगळं अडलं होतं. ७५० अंश सेल्सिअसला लोखंड सिलिकॉनमध्ये मुरतं आणि त्याचं सिलिसाइड, म्हणजे सिलिकॉनशी झालेलं संयुग, होतं. मग कार्बन धरून नळी घडवायला वर कॅटलिस्ट (उत्प्रेरक), म्हणजे लोखंड, उरतच नाही. ताईंनी मध्ये १० नॅनोमीटर ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) घालायला लावलं. लोखंड तेच, वायू तेच, वाढीची दहा मिनिटंही तीच. भट्टीतून काढलेला तो काळाकुट्ट तुकडा मी अजून जपून ठेवलाय.

तेव्हापासून मी खालच्या थराच्याच मागे लागले. अळवाच्या पानावर पाणी शिंपडलं तर थेंब घरंगळतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात. तापलेल्या लोखंडाच्या कणांचंही तसंच. सिलिकावर (सिलिकॉन ऑक्साइडवर) ते बरेच मोकळे असतात, त्यामुळे मोठे होत जातात. कण मोठा झाला की नळीही जाड येते, आणि फारच फुगला तर वाढ थांबते. ॲल्युमिना त्यांना धरून ठेवतं, म्हणून कण बारीक आणि दाटीवाटीने राहतात. मॅग्नेशियम ऑक्साइडचा फायदा निराळा: काम झालं की ते सौम्य आम्लात विरघळून जातं.

जपानमधल्या त्सुकुबाच्या केंजी हाता या संशोधकांच्या गटाने २००४ मध्ये दहा मिनिटांत २.५ मिलिमीटर उंच जंगल उगवलं, ते भट्टीत सोडलेल्या किंचित वाफेमुळे गाजलं. वाफेचं श्रेय खरंच मोठं आहे. पण त्यांनी वापरलेल्या थरांत लोखंडाखाली ॲल्युमिनाही होतं, हे मला कुणी शिकवताना सांगितलं नव्हतं.

सगळ्यात जास्त शिकवलं नीलमने. नीलम म्हणजे सफायर, स्फटिकरूपातलं ॲल्युमिनाच. स्पटरिंगचं, म्हणजे पातळ थर बसवायचं, मशीन बंद होतं, म्हणून मी सफायरचे तुकडे घेतले. इतकं शुद्ध, इतकं गुळगुळीत, म्हणजे जंगल उत्तमच येणार असं धरून चालले होते. आलं ते विरळ, खुरटं. रासायनिक सूत्र एकच, पण स्पटरिंगने बसवलेला थर अस्ताव्यस्त, सच्छिद्र असतो आणि लोखंडाला त्याच्यावर पाय रोवता येतात. सफायरवर कण एकमेकांना गिळून मोठे होत गेले.

आता कुठलाही पेपर हाती आला की मी आधी त्यातलं ॲल्युमिना शोधते: कसं बसवलं, किती जाड, आधी तापवलं होतं का. पुष्कळदा एका ओळीत नुसतं 'ॲल्युमिना' लिहून मोकळे झालेले असतात, आणि मला खरंच वाईट वाटतं. ती एक ओळ पूर्ण लिहिलेली नसली, तर दुसरीकडे कुणीतरी महिनोन् महिने चकचकीत तुकडे काढत बसतं.