उतरला काय?

गोकाकसाठी निघालो होतो. 24 ते 26 जानेवारी अशी सलग सुट्टी. पुण्याहून बेळगाव, एक दिवस गोकाकचा धबधबा, जमलं तर राजहंसगड, आणि परत. धबधब्याला या दिवसांत पाणी नव्हतं, काळ्या कातळावरून चार ओघळ तेवढे उतरत होते. गडावर वारा छान होता. पण तीन दिवसांतून मनात राहिली ती बेळगावातल्या वडगावच्या काकांच्या घरातली रविवारची सकाळ, म्हणून तिच्याबद्दलच लिहितोय.

काकांकडे उतरायचं ठरलंच नव्हतं. शहरात लॉज बुक केला होता. कोगनोळीचा टोलनाका आणि पुढे संकेश्वरपर्यंत ट्रकांची रांग असं करत रात्री साडेनऊला पोचलो, तर माझी खोली दुसऱ्याला दिलेली. उरलेल्या एकीचे साडेचार हजार मागितले. सुट्टीत अडलेल्या माणसाला असं नाडणं मला अजून सहन होत नाही. काकांना फोन लावला. अकरा वर्षांत त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं, लग्नाचं आमंत्रणसुद्धा फोनवरच उरकलं होतं. काकूंनी त्यातलं काही काढलं नाही. "जेवलास काय?" म्हणाल्या. दहा मिनिटांत भाकरी, झुणका आणि वाटीभर कुंदा समोर.

सकाळी साडेसहाचा गजर लावला होता. ॲलेक्स होनोल्ड हा अमेरिकन गिर्यारोहक तैवानमधली 'तैपेई 101' ही इमारत दोर न लावता चढणार होता आणि नेटफ्लिक्स ते थेट दाखवणार होतं. चढाई खरं तर शनिवारीच व्हायची, पावसामुळे एक दिवस पुढे गेली. 2017 साली हाच माणूस कॅलिफोर्नियातली एल कॅपिटान ही सुमारे 900 मीटरची कातळभिंत दोराशिवाय चढला होता. तेव्हापासून मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

काका पाचलाच उठलेले. "काय बघालास रे?" म्हणत शेजारी येऊन बसले. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला. लाल टीशर्टातला एक माणूस काचेच्या भिंतीला चिकटलेला.

"बेल्ट?"

"नाही, काका."

"खाली जाळी?"

"तीही नाही."

काका पुढे सरकले. ते रंगारी. वीसएक वर्षं गोव्यात बांबूच्या परांचीवर उभं राहून भिंती रंगवल्या. मी होनोल्डची बोटं बघत होतो. ते म्हणाले, "हात नको, पाय बघ. सगळं वजन पायावर टाकालाय. हातावर लोंबकळणारा माणूस लवकर दमतो." काटकोनात बाहेर आलेल्या बारीकशा कडेवर बुटाचा चवडा टेकायचा, की पुढची कड. काकांनी खुर्चीच्या काठावर दोन बोटांची पेरं ठेवून पाहिली. "एवढीच जागा?" कमरेच्या पिशवीत तो पुन्हा पुन्हा हात घालत होता, ती पांढरी पूड कसली तेही विचारलं. घाम टिपायला खडूसारखी पूड, म्हटल्यावर मान हलवली. "घाम वाईट. बांबू सुटतो हातातनं."

इमारत 508 मीटरची. मधल्या 64 मजल्यांचे एकावर एक ठेवल्यासारखे आठ डबे आहेत, प्रत्येक डबा आठ मजल्यांचा आणि वर जाताना बाहेर कललेला. डबा संपला की सज्जा, तिथे तो थोडा विसावायचा. तो सज्ज्यावर आला की काका "बसला, बरं झालं" म्हणायचे आणि स्वतःही मागे टेकायचे. एका ठिकाणी काचेच्या आत माणसं दिसली, मोबाईल उंचावून त्याचे फोटो काढत होती. काका एकदम म्हणाले, "आत माणसं हाईत की! काच उघडत नाही काय ती?"

काकू आल्याच नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात, आमच्याकडे पाठ करून मेथी निवडत होत्या. दर थोड्या वेळाने तिथूनच विचारत, "उतरला काय?"

"अजून चढालाय," काका सांगत.

मी माहिती पुरवत होतो. 2004 मध्ये आलँ रोबेर हा फ्रेंच गिर्यारोहक हीच इमारत चढला होता, पण दोर लावून, पावसात, त्याला चारेक तास लागले होते. त्याच ओघात बोलून गेलो, की हे दहा सेकंद उशिरा दाखवतात. काही झालंच तर लोकांना दिसू नये म्हणून.

मेथीचा आवाज थांबला.

"म्हणजे आपण बघतोय ते होऊन गेलंय?"

"हो काकू. दहा सेकंदांपूर्वी."

"मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं होतं," काकू म्हणाल्या. "शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला. तोवर मी कैऱ्या फोडत होते. यांना लोणचं पाठवायचं म्हणून."

1999 चा मे महिना. पावसाच्या आत काम उरकायची घाई होती. बांबू बांधलेला काथ्या सुटला आणि काका तिसऱ्या मजल्यावरून पडले. त्यांचा डावा पाय आखूड आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण काकूंना कधी कळलं, त्या तेव्हा काय करत होत्या, हे घरात कुणी मला सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

काका पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "मी बेल्ट मागितलेला. कंत्राटदार म्हणाला, भीती वाटत असेल तर उद्यापासनं येऊ नको. एकशेवीस रुपये रोज होता." मग होनोल्डकडे बोट करून, "याला कोण तसं म्हणालं नसणार. आनंदानं चढालाय तो. तोंड बघ की त्याचं."

खरंच हसत होता तो. माझ्या तळहातांना मात्र घाम फुटला होता.

1 तास 31 मिनिटांनी तो सुळक्याच्या टोकावर उभा राहिला आणि दोन्ही हात डोक्यावर हलवले. काकांनी जोरात टाळी वाजवली. "पोचला गं!"

"पोचला ते ऐकलं," काकू म्हणाल्या. "उतरला काय?"

मी मोबाईल बंद करणार होतो. काकांनी माझा हात धरला. आम्ही बघत राहिलो. काही वेळाने त्याची बायको भेटली, त्याने तिला मिठी मारली. "हं, आला बायकोजवळ," काका म्हणाले.

तेव्हा काकूंनी गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.